चौदा पानांखालचा केस

९ ऑक्टोबर १९६६
हार्लन क्रीक, मिसुरी

प्रिय लायल,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटलं असेल, कुणाचं तरी काही झालं. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. घर उभं आहे. दवाखान्यात पपांचं अक्रोडाचं टेबल त्याच खिडकीखाली आहे. अक्षर जरा वेडंवाकडं दिसेल. पेन नवीन आहे.

तू कसा आहेस? नॅनेट आणि मुलं मजेत ना? तुमच्या कॅलिफोर्नियात म्हणे ऑक्टोबरातही लोक अर्ध्या बाह्यांनी फिरतात. इथे परवा सकाळी कुंपणावर पांढरं हिम धरलं होतं. मका कापणीला आलाय, म्हणजे आमचा हंगाम सुरू. दिवसभर ट्रॅक्टरवर मान वळवून बसायचं आणि संध्याकाळी वाकडं होऊन माझ्या दारात यायचं, हे इथल्या शेतकऱ्यांचं ठरलेलं. काल बड क्लेमेंट आला तो दारातून आडवाच आत शिरला. म्हणाला, "अर्डिस, सरळ कर बाई मला. नाहीतर बायको म्हणते, शवपेटीसुद्धा वाकडीच करावी लागेल."

चार वर्षांत मी तुला फक्त नाताळची कार्डं पाठवली, तीही दुकानातल्या मजकुराची. त्याआधीचं पत्र मात्र माझं स्वतःचं होतं आणि ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. 'बापाचं नाव मोडीत काढून परक्याचा कागद भिंतीवर लावलास.' तुमच्या राज्यानं आपल्यासारख्या, हातांनी हाडं-सांधे बसवून बरं करणाऱ्या सगळ्या ऑस्टिओपॅथांना सांगितलं, तुमची पदवी सोडा, आमची एम.डी. घ्या, मोठ्या इस्पितळांची दारं उघडतील. शेकड्यांनी लोकांनी घेतली. तू काही एकटा नव्हतास. पण राग मला तुझ्या एकट्याचाच आला आणि त्याचं खरं कारण मी त्या पत्रात लिहिलं नाही. आज लिहिणार आहे. आधी गाईचं सांगते.

ओपल स्ट्रॉदर आठवते ना, ओढ्यापलीकडची? जिच्या बागेतले पीच तू चोरायचास आणि मार मला बसायचा. आता एकोणऐंशीची आहे. छाती भरून येते म्हणून दर दुसऱ्या मंगळवारी टेबलावर येऊन झोपते. मी तिच्या फासळ्यांखाली बोटं घालून हळूहळू उचलते, मग तिला पोटभर श्वास घेता येतो. पपा करायचे तसंच. तीन आठवड्यांपूर्वी मी हात ठेवला, दाबलं आणि आवाज झाला. आपण ज्या आवाजाची वाट बघतो तो नव्हे. दुसरा.

तिनं पडल्या पडल्याच ती फासळी चाचपली. मग म्हणाली, "जाऊ दे गं पोरी. अजून तेवीस आहेत."

मी एक्स-रे काढ म्हणून खूप गळ घातली, पण ऐकेल ती ओपल कसली! पट्टा बांधून घरी गेली आणि मुलाला, डेल्बर्टला, सांगितलं की बर्निसनं लाथ मारली. बर्निस म्हणजे त्यांची गाय. जिनं आयुष्यात माशी उडवायला शेपटीसुद्धा मनापासून हलवली नाही, ती गाय. डेल्बर्ट चिडला आणि त्यानं तिचं नाव शनिवारच्या लिलावात घातलं.

ओपलचा फोन आला. "अर्डिस, मी काय करू गं? खरं सांगितलं तर तो बर्निसला ठेवील आणि तुला बाजारात नेईल."

मला हसू आलं आणि रडूही. तशीच गाडी काढून गेले. डेल्बर्ट ओसरीवर बूट काढत बसला होता. म्हटलं, "गाईचा काही दोष नाही. लाथ मी मारली."

त्यानं टोपी काढली. पाठीचं दुखणं घेऊन पंधरा वर्षं माझ्याकडे येतोय तो. "तुम्ही, डॉक्टर? तुमच्या हातून? असं कसं होईल?"

मग मला ते पहिल्यांदा तोंडानं म्हणावं लागलं. "माझ्या बोटांना काही कळत नाही, डेल्बर्ट. फेब्रुवारीपासून."

झालं. आता तुलाही कळलं. पेन जुनंच आहे.

उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं. आधी मुंग्या यायच्या, आता तेही नाही. स्वयंपाकघरात भाजतं आणि वासावरून कळतं. आठ महिने मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, मी मूठ झाकून ठेवली आणि एका म्हातारीची फासळी मोडली. जिथं बोटांना कळेना तिथं मी जोर लावला. पपांनी आपल्याला पहिल्या दिवशी जे करू नका म्हणून सांगितलं, तेच.

डेल्बर्टनं काढलेला बूट परत पायात चढवला. मग म्हणाला, "आईला सांगू नका मला कळलं म्हणून. तिला वाटतंय, तिनं तुम्हाला वाचवलं." बर्निस गोठ्यातच राहिली. सोमवारपासून दवाखान्याच्या दाराला कुलूप आहे. बडला काल मी कॉफी आणि ॲपल पायचा तुकडा दिला आणि तसाच वाकडा परत पाठवला. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. उलटंच झालं सगळं.

आणि ऐक, आता हसून घे. मी तुमच्यातल्याच एका एम.डी.कडे जाऊन आले. शहरात, मोठ्या इस्पितळात, टोपी डोळ्यांवर ओढून, चोरासारखी. पोरगा सभ्य होता. फोटो काढले, उजेडावर धरून दाखवले. मानेत नस दाबली गेली आहे म्हणाला; नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आत ऑपरेशन करा, उशीर केला तर बोटं परत येतील याची खात्री नाही, आणि केलं तरी हमी नाही. सगळं नीट समजावलं. पण तासाभरात एकदाही त्यानं माझ्या मानेला हात लावला नाही, लायल. मी गाडीत बसून रडले.

आता तो राग.

आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, मी दहाची. पपांनी तिच्या ब्रशातले केस एका पाकिटात जपून ठेवले होते. पुढे आपण शिकण्याच्या वयाचे झालो, तेव्हा जेवणं आटोपली की ते सेंट लुईसच्या टेलिफोनच्या जाड पुस्तकात एका पानाखाली तिचा एक केस ठेवायचे, डोळ्यांना भांडी पुसायचा टॉवेल बांधायचे आणि म्हणायचे, "शोधा. घाई करू नका, बोटाला ऐकू येऊ द्या." सापडला की वर आणखी एक पान. तू लहान म्हणून तुझी पाळी आधी. तू चौदा पानांपर्यंत गेलास, मीही चौदापर्यंत गेले. पपा गावभर सांगायचे, दोघं सारखी आहेत म्हणून.

मी नवाच्या पुढे कधीच गेले नाही. माझ्या पाळीला मी टॉवेल बांधून घ्यायची, पण तुझी पाळी असताना डोळे उघडे असायचे ना! तुझं बोट जिथं थांबायचं ती जागा मी लक्षात ठेवायची. पपा मध्ये केस हलवत नसत. आपली मुलं फसवतील असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

या घरातले हात तुझे होते. मी इथं राहिले, मेहनत केली, लोकांना बरं वाटलं, ते खोटं नाही. पण तू तो कागद बदललास तेव्हा मला वाटलं, जे मला जन्मभर मिळालं नाही ते यानं काढून ठेवून दिलं. पपांचं नाव मी उगीच मध्ये आणलं. मला तुझा हेवा वाटत होता रे, आणि तुझी आठवण यायची. चार वर्षं रोज येत होती.

म्हणून लिहिते: ये. ऑपरेशनला मी नाही म्हणत नाही. पण चाकू लागायच्या आधी एकदा कुणीतरी माझ्या मानेवर हात ठेवावा आणि तो हात तुझा असावा. तू म्हणालास कापा, तर मी त्याच दिवशी जाईन, टोपी न घालता. तुझ्या भिंतीवर कुठला कागद आहे हे मी विचारणार नाही.

पाकिटात एक पुठ्ठा आहे. त्यावर आईचा एक केस चिकटवलाय. पपांच्या पाकिटात तीनच उरले होते. मला तो दिसतो, अजून तांबूसच आहे. पण एका कागदाखालीही लागत नाही. हे पत्र मी मुद्दाम सात कागदांवर, एकाच बाजूला लिहिलंय. वाचून झालं की सातही कागद त्या पुठ्ठ्यावर ठेव, डोळे मीट आणि घाई करू नकोस.

सापडला तर लगेच ये. नाही सापडला तरी ये. पुन्हा पहिल्या पानापासून शिकू दोघं. टॉवेल तू बांध माझ्या डोळ्यांना, आणि तुझी पाळी असतानाही सोडू नकोस.

तुझी लबाड बहीण,
अर्डिस