टेपचा तुटलेला मीटर

सोमवार, ९ मार्च

प्रिय बडबडे,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा बरा आहे, आईचा चष्मा पुन्हा सापडत नाहीये. तू पाठवलेला नकाशा बाबांनी बाहेरच्या खोलीत लावलाय. येईल त्याला काठीने दाखवतात, "धाकटीनं खुर्चीत बसून जमिनीखालचं पाणी पाहिलं! कोणी किती तास पंप चालवायचा, ते आता तिचं संगणकावरचं मॉडेल सांगणार." परवा पोस्टमनलाही सोडलं नाही. मी दारातच बुटांचा चिखल खरवडत होते. एकतीस विहिरींत टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजून आले होते, पण मला कोणी साधं पाणीही विचारलं नाही.

हो, जळले मी. एकोणीस वर्षं बाबांच्या जागी मी विहिरी मोजतेय, आणि भिंतीवर तू!

जानेवारीत टेपचा खालचा, शून्याकडचा एक मीटर तुटला. नवी टेप मागितली, ती काही आली नाही. मग उरलेल्या टोकाला वजन बांधलं आणि प्रत्येक आकड्यातून एक मीटर वजा करून लिहू लागले. बाबाही पूर्वी असंच करायचे.

फेब्रुवारीत वजा केला नाही.

'विसरले' असं लिहून तीन कागद फाडले. विसरले नव्हते. तुझं शहाणं मॉडेल तोंडावर पडावं आणि बाबांनी तो नकाशा उतरवावा, एवढंच मनात होतं.

काल तुझा फोन आला. "ताई, सगळ्या विहिरी एकदम मीटरभर खाली गेल्यात! मॉडेल त्या आकड्यांवर शंकेच्या लाल खुणा दाखवत होतं, मी काढून टाकल्या. साहेबांना म्हटलं, माझ्या ताईचा आकडा चुकत नाही. शुक्रवारी आदेश निघेल, पंप सहाऐवजी तीनच तास." मी नुसतं "बरं" म्हणाले. तीन तासांत रोपवाटिकेवाल्या बाईची निम्मी रोपंही भिजणार नाहीत. दर फेरीला तीच मला बसायला स्टूल देते.

मॉडेलला माझा खोटेपणा कळला होता गं. तुलाच कळला नाही.

फोनवर तुझा आवाज ऐकून पुन्हा गप्प बसले असते. शिवाय तुला साहेबांपुढे ठेवायला लेखी लागेल. हे पत्र उद्या कार्यालयाच्या गाडीने पोचेल, सोबत माझी वही आहे. फेब्रुवारीच्या प्रत्येक आकड्यातून एक मीटर वजा कर आणि शुक्रवारच्या आत मॉडेल पुन्हा चालव. मला वाचवायला जाऊ नकोस. बाबांना मी आजच सांगतेय, त्या नकाशासमोर उभी राहून.

अजूनही तुझ्यावर जळते, हेही खरं. पण यापुढे लाल खूण दिसली, तर माझ्यासाठीसुद्धा पुसू नकोस.

आकडा चुकवणारी,
तुझीच ताई