नसलेल्या खांबाला वळसा

ती. मावशीस,

तुझ्या सगळ्यात धाकट्या भाचीचा वाकून नमस्कार. (ऑफिसच्या खुर्चीत बसून जेवढं वाकता येतं तेवढं वाकले आहे, उरलेलं घरी आल्यावर.)

आधी एक प्रश्न विचारते, कारण मला त्याचं उत्तर येत नाही. रिकामी जागा कशाला म्हणायचं? हसू नकोस. याच प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी मला दरमहा पगार मिळतो आणि सहा महिने मी ते मोठ्या आत्मविश्वासाने देत होते.

लहान गाडीचा क्लच कसा आहे? तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला कसा आहे? (हा क्रम तुझाच आहे, मी फक्त पाळते.) मी मजेत आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला शिकाऊ गाडीसारखी चालवतेस. ‘पुढे बोल, पुढे बोल, थांब, मागे घे.’ मला ही गोष्ट एकदा न थांबता सांगायची आहे, म्हणून पत्र.

तर माझं काम. तू गाडी शिकायला येणाऱ्या नव्या शिकाऊंना ‘माझी भाची शहर बांधते’ असं सांगतेस हे आईकडून कळलं. मावशी, मी शहर बांधत नाही, मी नकाशे रंगवते. आमच्या ऑफिसचं म्हणणं असं की उपनगरी रेल्वेच्या दोन्ही बाजूंना ढीगभर जागा नुसत्या पडून आहेत, बंद गोदामं, जुने डेपो, कुणाच्याच कामाचे नसलेले तुकडे. शहर लांबवर पसरवत नेण्यापेक्षा स्टेशनजवळचे हे तुकडे भरून तिथे घरं बांधली, तर माणसं घरातून निघून चालत गाडी गाठतील आणि मोटार घ्यायचा विचारच सोडून देतील. (हे वाक्य लिहिताना तुझ्या धंद्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता, हे आधीच मान्य करते.) मला हे सगळं पटतं, अगदी मनापासून पटतं. बाबा लिफ्टमनच्या नोकरीवर जायला अंधारात उठून दोन बस बदलतात आणि दिवसभर लोकांना वरखाली पोचवून पुन्हा दोन बस बदलून घरी येतात, हे बघत मी मोठी झाले. आईने तुला सांगितलं नसेल, पण तुझ्या स्टेशनजवळ जी घरं होणार आहेत त्यांच्यासाठी दोघांनी अर्ज केला आहे. तुझ्या शेजारी राहायला यायचं, हे तिला तुला अचानक सांगायचं होतं. आता ते मी फोडलं.

घरांचा, फूटपाथचा आणि गटारांचा पैसा एका निधीकडून मिळणार आहे. निधीची अट अशी की प्रत्येक स्टेशनने पहिल्या इमारतीसाठी एक तरी जागा रिकामी दाखवायची. ती नसेल तर त्या स्टेशनला काहीच नाही. या जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी नवीन आहे आणि माझे डोळे चांगले आहेत (साहेबांचे शब्द). विमानातून काढलेले फोटो समोर ठेवायचे आणि रिकामी दिसेल ती जागा पिवळी करायची, वापरातली असेल ती हिरवी. किती छान काम आहे हे तुला कसं सांगू! घरातली पहिली पदवी हातात, खिडकीजवळची जागा, समोर अख्खं उपनगर, आणि मी वरून बघत ठरवणार की कुठे काय नाही.

तुझ्या स्टेशनचा फोटो उघडला तर शेजारीच एक सुंदर चौकोन दिसला. सपाट डांबर, एका कडेला झाडं, आत काही नाही, फक्त मधोमध एक काळा ठिपका. रजिस्टर काढलं तर जागा सरकारी, दरवर्षीच्या कराराने दिलेली (कुणाला ते नाही, नुसता करार क्रमांक), आणि ‘वापर’ या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही. मी ती पिवळी केली. ठिपक्यासमोर नोंद केली, ‘किरकोळ झुडूप, काढण्याजोगे’.

मावशी, ते झुडूप तू होतीस.

फोटो दुपारचा होता. त्या वेळी तुझ्या गाड्या झाडांखाली असतात आणि तू काळी छत्री उघडून खुर्चीत बसतेस. मी ते मैदान जन्मभर मागच्या फाटकातून बघितलं आहे, वरून कधीच नाही. मला काहीच कळलं नाही. साहेबांनी मीटिंगमध्ये ती जागा सगळ्यांना दाखवली, अख्ख्या मार्गावरची सगळ्यात रिकामी जागा म्हणून माझं कौतुक केलं आणि फोटो मोठा करून भिंतीवर लावला. मोठा केल्यावर डांबरावर शिकाऊंना वळणं शिकवायचा पांढरा आठ दिसला, आणि त्या आठाचं डावीकडचं पोट उजव्यापेक्षा मोठं होतं.

असा आठ जगात एकच आहे. तू तो आखलास तेव्हा डाव्या पोटाशी विजेचा खांब होता, म्हणून तिथे वळसा मोठा घेतलास. खांब मी शाळेत असतानाच गेला, पण दरवर्षी तू रंग मारतेस तो जुन्याच रेषेवर. त्यामुळे आपल्या भागातला प्रत्येक माणूस डावीकडे वळताना आजही नसलेल्या खांबाला वळसा घालतो. (साहेबसुद्धा! ऑफिसच्या मोकळ्या पार्किंगमध्ये ते रोज सकाळी डावीकडे असे वळतात की मधे कुणी आडवं झोपलं आहे. मला वाटायचं मणक्याचं काहीतरी असेल.)

मी साहेबांना सांगितलं की ही जागा वापरात आहे. त्यांनी विचारलं, कागदावर काय आहे? म्हटलं, कागदावर काही नाही. ते म्हणाले, मग रिकामी. मी म्हटलं, तिथे माझी मावशी आहे. ते म्हणाले की नात्यागोत्याचा विचार नियोजनात आणू नये. हे मला पुस्तकातही शिकवलं आहे, त्यामुळे फोटो भिंतीवर तसाच राहिला.

आता परवा मंगळवारी काय झालं ते. तुला एवढंच माहीत आहे की तीन मोटारी आल्या आणि त्यातल्या एकालाही नीट लावता आली नाही. ती परीक्षेला आलेली माणसं नव्हती, मावशी. तो निधीच्या बाईंचा अख्ख्या मार्गाचा पाहणी दौरा होता. मोटारींशिवाय जगणाऱ्या माणसांसाठी जागा बघायला आम्ही तीन मोटारी घेऊन आलो, स्टेशनबाहेर एकही लावता येईना, म्हणून पाहायच्या जागेतच लावू असं साहेबांनी ठरवलं. मधली मोटार त्यांची. तू खुर्चीतून उठलीसही नाहीस. नुसतं म्हणालीस, “आरसा काय भांग पाडायला दिलाय? मागे घे. परत ये.” आणि साहेबांनी मागे घेतली, परत आणली, आणि आठाच्या डाव्या पोटाला असा काही सुरेख वळसा घातला की माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तेवढ्यात तूही त्यांना ओळखलंस. “अरे गोगलगाय! मला वाटलं तू सोडून दिलंस चालवायचं. पाच वेळा नापास झालेला ना रे तू?”

“चार वेळा, बाई,” साहेब म्हणाले. निधीच्या बाई शेजारीच होत्या.

फाइल तोंडासमोर धरून मागे एक मुलगी उभी होती, जिला तू “ए फाइलवाली, सरक, गाडी येतेय” म्हणालीस, ती मी. (तू लांबचा चष्मा लावत नाहीस हे मी अजून कुणाला बोललेले नाही, आणि तुझा धंदा बघता बोलणारही नाही.)

निधीच्या बाई शांतपणे बघत होत्या. चार शिकाऊ गाड्या आठावर फिरत होत्या, एक पोरगी रडत होती, तिची आई जाळीपलीकडून तिला धीर देत होती आणि तू दोघींना दम देत होतीस. बाईंनी माझ्याकडे नकाशा मागितला, पिवळा चौकोन बघितला, झुडपाची नोंद वाचली, मग तुझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, ही जागा रिकामी नाही. शुक्रवारपर्यंत दुसरी दाखवा, आणि नकाशा थेट माझ्याकडे पाठवा. नाहीतर हे स्टेशन वगळावं लागेल.

परतताना मोटारीत साहेबांनी मला उपाय सांगितला. जागा रिकामी नसेल तर रिकामी करता येते. तुझा करार वर्षाचाच आहे, पुढच्या महिन्यात संपतो. एक नोटीस काढली की झालं. मजकूर मी लिहायचा आणि सही पण माझी. मी विचारलं, माझी का? ते गिअर बदलत म्हणाले, “मी त्यांच्याकडे शिकलोय हो. माझा हात चालणार नाही.”

तर नोटिशीचा कोरा कागद ड्रॉवरमध्ये आहे आणि उद्या शुक्रवार. नोटीस काढली तर आईला घर मिळालं आणि तुझं मैदान गेलं. नाही काढली तर तुझं मैदान राहिलं आणि बाबा निवृत्त होईपर्यंत दोन बस. पदवीच्या तीन वर्षांत असा प्रश्न एकदाही परीक्षेला आला नाही. आईला विचारू शकत नाही, ती तुझ्याच बाजूने बोलेल आणि मग रात्रभर कूस बदलत राहील. म्हणून तुलाच विचारते. पत्र आजच हातोहात पाठवते, तू सांगशील ते करीन. तुझं उत्तर येईपर्यंत हात हलवणार नाही. काकांना नमस्कार, रडणाऱ्या पोरीला माझ्याकडून शुभेच्छा.

तुझी,
फाइलवाली

ता. क. वरचं सकाळी लिहिलं, आता संध्याकाळ आहे. पत्राचं मुख्य काम राहूनच गेलं. सोमवारपासून मला गाडी शिकायची आहे. सकाळची पहिली वेळ दे. मी आयुष्यात स्टिअरिंगला हात लावणार नाही असं तुला ज्या आवाजात सांगितलं होतं तो आवाज कृपा करून विसर.

ता. क. २. कारण असं की माझी बदली झाली, दुपारीच. मार्गाच्या अगदी शेवटच्या टोकाला, जिथे रेल्वे अजून पोचायची आहे. तिथल्या पदाला चालकाचा परवाना लागतो. रेल्वेलगतच्या घरांचं काम करायला मोटारीशिवाय जाता येत नाही. हे मी साहेबांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, मैदानावरच्या बाईंकडे शिका, चांगलं शिकवतात.

ता. क. ३. बदलीचं कारणही सांगून टाकते, नाहीतर आईकडून भलतंच कळेल. जेवणाच्या सुट्टीत मी रजिस्टर पुन्हा काढलं. तुझ्याच स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला, रुळांपलीकडे, तुझ्या मैदानाएवढीच एक जागा आहे, सपाट डांबराची. आमच्या ऑफिसचं पार्किंग. निम्म्याहून जास्त नेहमी मोकळं असतं, आणि ‘वापर’ या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही. साहेबांना विचारलं, कागदावर काही नसेल तर जागा रिकामी ना? कुठली जागा ते न विचारताच ते हो म्हणाले. मी पार्किंग पिवळं केलं, त्यांच्या टेबलावर एक प्रत ठेवली आणि नकाशा निधीच्या बाईंकडे पाठवून दिला. तासाभरात बाईंचं उत्तर आलं, चालेल. साहेबांनी त्यांची प्रत त्यानंतर बघितली.

तुझं मैदान मी हिरवं केलं आहे. वापर: मोटार शिकवणे. झुडूप आहे तिथेच ठेवलं आणि समोरची नोंद बदलली: ‘काढण्याजोगे नाही’.