पालेओस्कालाची अमेरिकन बहीण

१२ जानेवारी
आज नगरपालिकेत ऐतिहासिक ठराव झाला. अमेरिकेतलं पोर्ट हॅस्कल हे बंदर आणि आमचं पालेओस्काला आता भगिनी शहरं होणार. समितीचा अध्यक्ष: मी, थ्रासिवूलोस कारावास, कस्टम्समधून निवृत्त. नगराध्यक्षा कल्लिरोईबाई म्हणाल्या की कुणीतरी करायला हवंच आणि तुम्ही तर रिकामेच असता. त्यांची बोलण्याची तऱ्हाच तशी. आदर आत असतो.

एवढ्या मोठ्या ग्रीसमध्ये अमेरिकेनं आम्हालाच का निवडलं यावर बराच विचार केला. गेल्या उन्हाळ्यात मासळीच्या जत्रेत मी इंग्रजीत चार शब्द बोललो होतो. ते कुणीतरी फोनवर टिपून इंटरनेटवर टाकलं. तिकडे कुणाच्या तरी नजरेस पडलं असणार. दुसरं कारण संभवत नाही.

एक गंमतशीर योगायोग. माझी धाकटी मेव्हणी पोलिक्सेनी लग्न करून गेली ती याच पोर्ट हॅस्कलला. जेवताना एव्दोकियाला हे सांगितलं. "हो का," म्हणाली आणि ताटात आणखी घेवडा वाढला. जगाच्या घडामोडींत तिला रस नाही. बायको म्हणून उत्तम आहे.

१३ जानेवारी, सकाळी
संकल्प. रोज वीस इंग्रजी शब्द. सिगारेट बंद. पोट कमी करणे, म्हणजे लग्नातला सूट होईल. स्वागताचं भाषण इंग्रजीत, कागद न बघता. इंग्रजीची भीती नाही. तीस वर्षं परदेशी कप्तानांशी बोललोय. "स्टॉप", "पेपर्स", "नो प्रॉब्लेम". पाया पक्का आहे.

१३ जानेवारी, संध्याकाळी
शब्द झाले सात. सिगारेट अर्धीच. तीही पान्देलासनं देऊ केली, नाही म्हटलं असतं तर वाईट दिसलं असतं. पान्देलास म्हणजे धक्क्यावरच्या कॅफेचा मालक. एक मासेमारीची बोटही आहे त्याची. मला "राजदूतसाहेब" म्हणायला लागलाय. गावात हळूहळू पसरतंय.

२१ जानेवारी
रविवार. एव्दोकिया दर रविवारी बहिणीशी फोनवर बोलते, स्वयंपाकघराचं दार लावून. आज दारावरून जाताना माझं नाव दोनदा ऐकू आलं, आणि मग दोघी बराच वेळ हसल्या. माझ्या नेमणुकीची बातमी तिकडे पोचली तर. अभिमानानंही माणूस हसतो.

सासूबाई खिडकीशी बसून होत्या. स्तामाताबाई, वय शहाऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. म्हणाल्या, जावईबापू, चिकटून उभं राहिलं की दाराचा रंग जातो. मी पाणी प्यायला आलो होतो.

९ फेब्रुवारी
बंदरावर पाटी लावली. कल्पना माझी. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत पोर्ट हॅस्कल, आणि बाण. बाण कुठे करायचा यावर कॅफेत दोन तास वाद झाला. शेवटी मी होकायंत्र मागवलं. अमेरिका पश्चिमेला. पश्चिमेला मासळीबाजार आणि त्याच्यामागे सार्वजनिक शौचालय. शास्त्रापुढे इलाज नाही. बाण तिकडेच.

११ फेब्रुवारी
दोन डच पर्यटक पाटी बघून शौचालयात गेले आणि बाहेर येऊन पाटीचे फोटो काढत बसले. प्रसिद्धी ती प्रसिद्धीच.

१८ मार्च
ईस्टरआधीचा उपवास सुरू. चाळीस दिवसांत पोट सपाट. स्क्विडला रक्त नसतं, त्यामुळे तळलेला स्क्विड उपवासाला चालतो हे बरं आहे. सॉसेज चालत नाही. पण ते एकच होतं आणि थंड झालेलं होतं.

महत्त्वाची गोष्ट. करारात असं आहे की आधी ते येणार, मग जुलैमध्ये आपले दोघे तिकडे जाणार, त्यांच्या मासळी महोत्सवाला. खर्च त्यांचा. पहिलं नाव उघड आहे. दुसरं कल्लिरोईबाईंचं असेल, पण त्यांना समुद्र लागतो.

एव्दोकियाला म्हटलं, पोलिक्सेनीला द्यायला काही असेल तर आत्ताच बांधून ठेव, माझ्या बॅगेत जागा ठेवतो. तिनं विचारलं, तू तिला ओळखशील का. मी म्हटलं, न ओळखायला काय झालं, तुझीच बहीण.

एव्दोकियाला मी तिकडे नेणार होतोच. लग्न होऊन पोलिक्सेनी गेली त्याच वर्षी नेणार होतो. पण त्या उन्हाळ्यात आपण युरोपचा फुटबॉल कप जिंकलो, तेव्हा देश सोडून जाणं शोभलं नसतं. मग छप्पर गळायला लागलं. मग माझा हर्निया. मग मी निवृत्त झालो, आणि निवृत्त माणसाला वेळ कुठे असतो.

७ एप्रिल
शब्द: एकूण अठ्ठेचाळीस. त्यातले वीस भाज्यांचे आहेत, ते भाषणात बसवणं अवघड जातंय. पण "ऑलिव्ह" बसलं.

५ मे
ईस्टर. कोकरू. पोटाचा प्रश्न स्थगित.

१९ मे
सूटचं बटण लागत नाही. एव्दोकियानं पाठीमागची शिवण उसवून काळं कापड जोडून दिलं. म्हणाली, लोकांकडे पाठ करू नकोस. वक्ता पाठ कशाला करेल?

ती स्वतः मात्र विचित्र वागतेय. घर दोनदा धुतलं. पाहुण्यांची खोली उघडून गादी उन्हात टाकली. पाहुणे हॉटेलात उतरणार हे तिला समजावून सांगितलं. हो म्हणाली आणि उशीला नवा अभ्रा घातला. केसही कापून आली. माझ्या भाषणाचं दडपण तिच्यावरच आलेलं दिसतंय.

२१ मे, सकाळी
आज. नऊ वाजता बोट. बँड तयार, शाळेची मुलं झेंडे घेऊन तयार. भाषण पाठ. फक्त मधला भाग जरा सैल आहे.

२१ मे, अकरा वाजता
फेरीबोटींचा संप. बंदर कर्मचाऱ्यांना आजचाच दिवस सापडला. पाहुणे पलीकडच्या किनाऱ्यावर अडकलेत. मी मंत्रालयाला फोन लावतोय. उचलत नाहीत.

२१ मे, संध्याकाळी
सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण उद्या लोक काहीबाही सांगतील.

मी मंत्रालयाशी संपर्कात असताना पान्देलास कुणालाही न विचारता स्वतःची बोट घेऊन पलीकडे गेला. माझा तत्त्वतः विरोध होता, पण तो निघून गेल्यावर मला कळलं. मी बँड घेऊन फेरीच्या धक्क्यावर. त्यानं बोट लावली मासळीच्या धक्क्यावर. सगळ्यांना पळावं लागलं. बँडमधला मोठं ट्यूबा वाद्य वाजवणारा पडला. मी पुढे होतो, त्यामुळे माझी पाठ सगळ्या गावानं पाहिली.

पोर्ट हॅस्कलचे महापौर टिबेट्स म्हणजे दरवाजाएवढा माणूस. तोंड काकडीच्या रंगाचं झालेलं. खाली उतरून माशांच्या खोक्यावर बसले. मी ताबडतोब भाषण सुरू केलं. "लेडीज अँड जंटलमेन, टुडे टू सिस्टर्स..." एवढं झालं आणि बोटीतून पोलिक्सेनी उतरली.

ती येणार असं मला कुणी कळवलं नव्हतं. प्रोटोकॉल म्हणून काही असतो.

केस पांढरे झालेत तिचे. फळीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबली. एव्दोकिया स्वागताच्या रांगेत फुलं घेऊन उभी होती. तिनं फुलं शेजारणीच्या हातात कोंबली, रांग सोडली आणि चालत गेली. पळाली नाही, चालतच गेली. मग दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मग सासूबाईंना खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांनी धाकट्या मुलीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि म्हणाल्या, "वाळलीस गं." गावातली निम्मी माणसं रडत होती. टिबेट्ससुद्धा डोळे पुसत होते.

मी भाषण थांबवलं नाही. शेवटपर्यंत केलं. बँडवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ऑलिव्हच्या आधीच वाजवायला सुरुवात केली.

एकंदरीत अत्यंत परिणामकारक. परभाषेत बोलून लोकांना रडवणं सोपं नाही.

२२ मे
पोलिक्सेनी आमच्याकडेच उतरली. तिघी मायलेकी एकाच पलंगावर झोपल्या. मला दिवाण. पाठ धरलीय.

करारावर सह्या झाल्या. जेवणाच्या वेळी टिबेट्स उठून बोलले, पोलिक्सेनीनं आमच्या भाषेत सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की ही बाई सहा वर्षं आमच्या नगरपालिकेत येऊन बसायची. दर बैठकीला हात वर करायची. आम्ही जपानच्या एका बंदराचं जवळजवळ नक्की केलं होतं. ती म्हणाली, जपान चांगलंच आहे, पण तिथे माझी आई नाही. तेव्हा आम्ही नकाशा काढला आणि पालेओस्काला शोधलं.

टाळ्या फार झाल्या. माझ्या मते भाषांतरात चूक आहे. मासळीच्या जत्रेतल्या माझ्या भाषणाचा उल्लेख तिनं गाळला असावा. घरचंच माणूस, म्हणून बोललो नाही.

२४ मे
टिबेट्सना पाटी दाखवायला नेलं. बाणाच्या दिशेनं पाहिलं आणि इतके हसले की त्यांना पुन्हा खोक्यावर बसवावं लागलं. खांद्यावर थाप मारून काहीतरी लांबलचक बोलले. मी म्हटलं, "नो प्रॉब्लेम." दोन देशांमधली भिंत कोसळली.

२६ मे
निरोपाचा कार्यक्रम. जुलैच्या दौऱ्याची नावं जाहीर व्हायची होती. मी पहिल्या रांगेत, आभाराचे चार शब्द खिशात.

कल्लिरोईबाईंनी नावं वाचली. पान्देलास, कारण त्याला लाकडी बोट बांधता येते आणि तिकडे एक बांधून हवी आहे. आणि एव्दोकिया कारावास. महोत्सवात स्वयंपाक करायला आणि बहिणीकडे राहायला. तीन महिने.

मी उठून उभा राहिलो होतो. "कारावास" ऐकलं तेव्हाच उठलो. लगेच बसलो असतो तर विचित्र दिसलं असतं, म्हणून उभ्या उभ्याच टाळ्या वाजवल्या. मग सगळेच उभे राहिले.

घरी आल्यावर एव्दोकियाला म्हटलं की निदान मला आधी सांगायचं होतंस. ती भांडी पुसत होती. पुसत पुसतच म्हणाली, "तू मला तिच्याकडे नेत नव्हतास, थ्रासो. म्हणून मी तिला म्हटलं, तू तुझं अख्खं गावच इकडे घेऊन ये."

मी विचारलं, म्हणजे रविवारी फोनवर हेच चालायचं का.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "दार लावलेलं असायचं. तू विचारलं असतंस तर उघडलं असतं."

मग सासूबाईंनी रेडिओ लावला.

२७ मे
मी माझं नाव मागे घेतलं आहे. अध्यक्षानं मुख्यालय सोडून जाणं बरोबर नाही.

२ जुलै
एव्दोकिया गेली. धक्क्यावर मी तिची बॅग धरून होतो. तिनं औषधांच्या वेळा सांगितल्या, कोंबड्यांचं सांगितलं, मग कॉलर नीट केली माझी. नवी बॅग, नवे बूट. ओठांना काहीतरी लावलं होतं. अशी ती मला लग्नात दिसली होती. सांगायचं होतं, पण पान्देलासनं भोंगा वाजवला.

तीन महिन्यांसाठी संकल्प. स्वयंपाक शिकणे. स्तामाताबाईंशी सलोखा.

३ जुलै
अंडी.

४ जुलै
अंडी. सासूबाई म्हणाल्या, कोंबड्या दमल्या.

१४ जुलै
व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ. मागे धक्का, बोटी, धुकं. एव्दोकिया डोक्याला फडकं बांधून हसत होती. मला वाटलं माझ्याशी हसतेय, पण फोनच्या पलीकडे कुणीतरी होतं. टिबेट्स आले. मी पुन्हा सगळं भाषण तयार ठेवलं होतं. त्यांनी वाकून बघितलं आणि पोलिक्सेनीला विचारलं, हे कोण. तिनं सांगितलं, एव्दोकियाचा नवरा. "ओह!" म्हणाले आणि हात हलवला.

भाषण केलं नाही. विचारलं, मसुराला पाणी किती घालायचं.

एव्दोकिया फोन घेऊन बाजूला गेली, गोंगाटापासून लांब. सावकाश सांगितलं. मसुराच्या वर चार बोटं पाणी. तमालपत्र एक. व्हिनेगर शेवटी, आधी नाही. मी सगळं परत म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "तमालपत्र खाऊ नकोस, काढून टाक." मी म्हटलं, एवढं कळतं मला. कळत नव्हतं.

मग म्हटलं की त्या दिवशी धक्क्यावर तू छान दिसत होतीस. तिनं फोन खाली धरला असावा, नुसते बूट दिसत होते. मग म्हणाली की मासे तळायचेत, ठेवते.

१५ जुलै
मसूर केला. सासूबाईंनी वाटीभर खाल्ला. कच्चा आहे म्हणाल्या, आणि आणखी मागितला.