पहिल्या रांगेतली खुर्ची

दिघाशी,
२७ जानेवारी

ती. रंजिताताईस,
भावेशचा शि. सा. नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? इकडे सगळे खुशाल आहेत. (सगळ्यांत कोणाकोणाला धरायचं ते पत्र वाचून तूच ठरव.)

काल झेंडावंदन पार पडलं. तू आली नाहीस. कशेळीला ट्रॅफिकमध्ये अडकलीस असा मेसेज मिळाला. सुट्टीच्या दिवशी, सकाळी सातला, पण असेल. रागावलो नाही. फक्त आईच्या दहाव्याची आठवण झाली. कावळा पिंडाला शिवत नव्हता. मी म्हणालो, घराला रंग लावीन. नाही. म्हैस विकणार नाही. तरी नाही. (कावळा समोरच्या झाडावरून बघत होता, भाव न पटलेल्या गिऱ्हाइकासारखा.) शेवटी चिंधूकाका वैतागले, "बायडीचा जीव कशात हाय ते बोला ना रं. म्हशीत काय हाय?" मग तू हात जोडलेस : "आई, २६ जानेवारीला मी येईन, तुझ्या शेजारी बसेन." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला.

तिचा जीव संविधानाच्या उद्देशिकेत होता. अक्षर वाचता येत नव्हतं, पण सगळी पाठ. दरवर्षी ग्रामपंचायतीसमोर मी एक तुकडा वाचायचा, आई तो पहिल्या रांगेतून ओरडून म्हणायची, आणि तिच्या मागून गाव. तुला त्या आवाजाची शाळेपासून लाज वाटायची. लग्नानंतर तर तू एकाही झेंडावंदनाला फिरकली नाहीस. म्हणून तर कावळ्याला तुझं बोलणं पटलं असावं.

मी तिची खुर्ची नेहमीच्या जागी मांडली. ‘आम्ही, भारताचे लोक’ म्हणालो आणि थांबलो. कोणी बोललं नाही. तेवढंच पुन्हा म्हणून व्हावं इतका वेळ गेला, आणि मग अख्खं गाव एका सुरात म्हणालं. पुढच्या तुकड्याला तेच. लांब तुकड्याला गाव जास्त थांबायचं, लहानाला कमी. सवय असेल, असं मी मनाला सांगितलं. एकदा घाईने पुढचा तुकडा उचलला, तर चिंधूकाका खेकसले, "थांब ना रं, तिचं होऊ दे." कोणी हसलं नाही.

माइकवाला दीपेश अंबाडीचा, गावात पहिल्यांदाच आलेला. आई गेल्याचं त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. तो माझ्या कानाशी वाकला : "भाऊ, पुढच्या आजींना जरा हळू बोलायला सांगा ना. भोंगा फाटतोय."

मी खुर्चीकडे बघून सांगितलं. (काय करणार? कार्यक्रम सरकारी होता.) तिने ऐकलं नाही. जिवंतपणी तरी कधी ऐकलं होतं?

तुझा धाकटा,
भावेश

ता. क. पत्राचं खरं कारण हे : येत्या रविवारी ये. अंगणात बसू, मी वाचीन, तू तिच्या मागून म्हण. म्हणजे ती सुटेल, असं चिंधूकाका म्हणतात. आज सकाळी चूळ भरताना माझ्या तोंडून सवयीने ‘आम्ही’ निघालं. ओंजळीत पाणी तसंच धरून मी उभा राहिलो. तिचं होईपर्यंत.

आणखी एक. तुझीही खुर्ची मांडली होती, आईच्या शेजारी. पहिल्या रांगेत तेवढी एकच रिकामी होती.