हेडचे नट दुसऱ्यांदा कसायचे आहेत

बाबा,

भैयाजी काकाच्या बंद ट्रॅक्टरच्या इंजिनवरचं हेड काढून आपल्या ट्रॅक्टरवर बसवलं. आपल्या हेडले तडा गेला होता, म्हणून पाणी ऑइलात उतरत होतं. काकाच्या हेडचं लकडगंजातल्या वर्कशॉपात फेसिंग करून, तळ घासून सपाट करून आणलं, गॅस्केट नवीन टाकलं. तुम्ही वावरात गेले तेव्हा एकटीनंच केलं. इंजिन चालू करून पाहिलं, आवाज पहिल्यासारखाच आहे. शेडात बसून ऐकत राहिली.

सौरवसोबत कोर्टात लग्न केलं हे सांगितलं, त्या दिवसापासून तुम्ही एकच म्हणून राहिले, "आधी हेड बसू दे, मंग बोलू." मले खरंच वाटलं, हेड बसलं का बोलान. काल तुम्ही आईले म्हणाले, "ट्रॅक्टर झाला का तिले जायले सांग." आईनं नाही सांगितलं. मी ओसरीतून ऐकलं.

म्हणून चालली. पाना अन् त्याच्या दांड्यावर चढवायचा पाइप सीटखाली आहे.

इंजिन थंड झालं का नट पुन्हा कसा लागतात, तुम्हीच शिकवलं. मधातून सुरू करून बाहेर. पहिल्या वेळी एकटीनं जमले तेवढे कसले, पण आताच्या जोराले एकानं पाना दाबून धरा लागते अन् दुसऱ्यानं पाइप ओढा लागते, अन् तुमच्या उजव्या हाताले डॉक्टरनं जोर मना केला आहे. ते झाल्याबिगर ट्रॅक्टर वावरात नेऊ नोका.

मले फोन करजा, मी येईन. घरात नाही येत, बाबा. नट कसून शेडातूनच परत जाईन.

मयुरा