उंबऱ्यावर सलाम नाही

११ मार्च

प्रिय झेनोल्ला,

फोन तू उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. तुमच्या गावाला पाव पोचवणाऱ्या गाडीवाल्याकडे हे पाकीट देणार आहे आणि त्याला बजावणार आहे की तुझ्याच हातात द्यायचं, भावजयीच्या नाही. तूच म्हणायचास ना, तोंडी काही चालत नाही, जे असेल ते लिहून द्या. घे, लिहून देते. आणि आधीच सांगून ठेवते, आपण एकाच साली जन्मलेले, एकाच वर्गात मार खाल्लेले कुरदास आहोत. एका कुरदासने वाट्टेल ते बोलावं आणि दुसऱ्याने रागवायचं नाही, हा रिवाज तुझ्या सगळ्या नियमांहून जुना आहे. तेव्हा वाचताना भुवया चढवू नकोस.

इकडचं म्हणशील तर थंडी मोडली आहे, पण नदीवरचा बर्फ अजून हललेला नाही. पंखे नीट चालले आहेत. आपला आकडा फेब्रुवारीत पुन्हा जागेवर आला. तुला त्या आकड्याचं कधीच काही वाटलं नाही, मला माहीत आहे. आपल्या केंद्रातल्या बँकेच्या सर्व्हरना एक युनिट वीज पोचवायला आपण एकूण किती युनिटं जाळतो, एवढाच त्याचा अर्थ, हे मी तुला दहादा सांगितलं असेल आणि तू दहाही वेळा म्हणाला असशील, "राउशान, तुझा आकडा कमी झाला की माझ्या भिंतीला भोक पडतं, मला एवढंच कळतं." खोटं नव्हतं ते. बाहेर उणे पस्तीस असताना आत यंत्रं लावून हवा गार करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, म्हणून मी उत्तरेची भिंत फोडून झडपा बसवल्या, आणि सर्व्हरच्या पाठीमागून निघणारी गरम हवा इमारतीच्या आतल्या, दक्षिणेच्या बंदिस्त गल्लीतून बाहेर सोडली. तू पडलास सुरक्षाप्रमुख, प्रत्येक झडपेला जाळी ठोकलीस, जाळीमागे घंटी बसवलीस, आणि चहाच्या वेळी सगळ्यांना सांगत सुटलास की बाईने बँकेच्या तिजोरीची चाळण केली.

आणि ते गरम हवेचं भांडण. गल्लीच्या पलीकडच्या अंगणात बालवाडी. आपण एवढी ऊब आभाळात फुकट सोडतो, ती एका नळातून पोरांना द्यावी, म्हणून मी पाच वर्षं दर उन्हाळ्यात अर्ज केला आणि तू पाचही वर्षं त्यावर लिहिलंस, "ज्या नळातून पोर जाईल त्यातून चोरही जाईल." एकदा मी चिडून विचारलं होतं, तुझ्या ओळखीत एवढासा चोर आहे तरी कोण. तू शांतपणे म्हणालास, "तूच. शाळेत खिडकीतून कोण शिरायचं?"

तुझा दारावरचा नियम आठवला की मला अजून हसू येतं. ते दुहेरी दार बसलं, पहिलं मिटल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, एका वेळी एकच माणूस, सगळं कसं चोख. आणि पहिल्याच आठवड्यात दिवसाला वीस वेळा घंटी वाजायला लागली. कारण काय, तर कुणी वडीलधारा आला की पहारेकरी हात पुढे करायचा, मग त्याला आठवायचं की उंबऱ्यावरून सलाम करू नये, की लगेच एक पाऊल बाहेर. दार उघडंच. परदेशातून आलेल्या त्या दार बसवणाऱ्याला कळेना की आमच्या दारात बिघाड आहे की माणसांत. तू लाल अक्षरात पाटी लावलीस, "उंबऱ्यावर सलाम नाही. आत या, मग बोलू." आईने लहानपणी शिकवलेलं तू सुरक्षेच्या नियमात घालून टाकलंस. मी अकरा वर्षं रोज त्या पाटीखालून आले आहे आणि एकदाही तू मला दारात सलाम केला नाहीस. उंबऱ्यावर पाय तर तू झोपेतसुद्धा ठेवणार नाहीस असं मी सगळ्यांना सांगायचे.

म्हणून जानेवारीतला तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुला पुन्हा सांगायला नको, पण तू स्वतःला पाहिलं नव्हतंस, मी पाहिलं. सकाळपासून हिमवादळ, रस्ते बंद, आणि दुपारच्या आत वस्तीला गरम पाणी नेणारा मोठा नळ फुटला. बालवाडीच्या भिंतीतली गरम नळकांडी तासाभरात गार पडली. आईबाप कुणी खाणीत, कुणी वीजघरात, कुणालाच येता येईना. बालवाडीच्या बाईंनी, कालामकासने, तुला फोन केला, पोरांची बोटं निळी पडायला लागली आहेत म्हणाली, आणि तू मला हाक मारलीस. "राउशान, तुझी ती ऊब. किती वेळ टिकेल?" मी म्हटलं, सर्व्हर चालू आहेत तोवर. तू किल्ल्या घेतल्यास आणि गल्लीचं मागचं लोखंडी दार उघडलंस, जे तू मला पाच वर्षं बोटभर उघडू दिलं नव्हतंस.

ते दार वाऱ्याने सारखं मिटत होतं. तू एक पाय आत, एक पाय बाहेर टाकून उंबऱ्यावर उभा राहिलास आणि पाठीने दार धरलंस. टोपीवर बर्फ, मिशीवर बर्फ. दुसरा कुणी असता तर पोरांना धावत आत घेतलं असतं. तू प्रत्येकाला थांबवत होतास, नाव विचारत होतास, ते पाहुण्याच्या बिल्ल्यावर लिहीत होतास आणि बिल्ला गळ्यात घातल्याशिवाय पोर पुढे जात नव्हतं. पाच पाहुण्यांमागे एक कर्मचारी सोबत हवा, हा तुझाच नियम, म्हणून हिशेबनीस, स्वयंपाकीण, सगळ्यांना तू बोलावून आणलंस. संचालक सेरिकबोल साहेब काय चाललंय ते बघायला आले तर त्यांच्याही हातात पाच पोरं दिलीस. ते "अरे पण…" म्हणाले. तू म्हणालास, "पण नंतर. आधी हात धरा त्यांचा, आत तारा आहेत."

रांगेत सगळ्यात शेवटी तुझा आल्दियार होता. तूच त्याला मागे ठेवला होतास, हे कालामकासने मला मागाहून सांगितलं. त्यालाही तू विचारलंस, "नाव?" तो म्हणाला, "आजोबा, मीच आहे की." तू म्हणालास, "नाव सांग." पोराने बिचाऱ्याने बापाच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं, तेव्हा कुठे त्याला बिल्ला मिळाला. नातेवाइकाने सोबत राहायचं नाही, म्हणून तू त्याला माझ्या पाचांत घातलंस आणि पुन्हा वळून पाहिलं नाहीस. तेव्हा मला तुझा राग आला होता. आता येत नाही.

आत काय झालं ते तुला ठाऊक नाही, कारण तू पालक येईपर्यंत दारापासून हललाच नाहीस. दार उघडं राहिल्याने हवेचा सगळा ताळतंत्र सुटला होता. मी अर्ध्या झडपा मिटून गरम हवा गल्लीत कोंडून धरली, तर सर्व्हर तापायला लागले. उत्तरेकडून जास्त गार हवा घ्यावी, तर तिकडच्या गाळण्या बर्फाने बुजलेल्या. दोन तंत्रज्ञ झाडू घेऊन सारखे त्या झोडपत होते आणि मी एका हाताने झडप फिरवत, दुसऱ्या हाताने पोरांच्या कोटांची बटणं काढत होते. पंखे एवढे घोंघावत होते की ओरडून बोलावं लागे. एका मुलीने माझी बाही ओढून विचारलं, "आपाय, आत कोण फुंकतंय?" मी म्हटलं, बँकेचे पैसे मोजता मोजता मशिनींना घाम फुटलाय. तिला ते अगदी पटलं. थोड्या वेळाने सगळी एकमेकांच्या अंगावर झोपली, साहेबांच्या मांडीवर दोन. त्या महिन्यात माझा आकडा एवढा बिघडला की अकरा वर्षांत नव्हता बिघडला, आणि मला त्याचं तिळभर वाईट वाटलं नाही, हेही लिहून ठेव.

संध्याकाळी शेवटचं पोर आईच्या हाती गेलं आणि तू बिल्ले मोजायला बसलास. एक कमी. तू गल्ली पालथी घातलीस, झाडलोट तपासलीस. तेवढ्यात कॅन्टीनमध्ये तुझ्या हाताखालचा तो गेन्नादी चहा ढवळत बोलला, "नातू आत होता म्हणून दार उघडलं, नाहीतर झेनोल्ला आणि दार?" तू दारात उभा होतास, तू ऐकलंस, आणि तडक वर गेलास. रात्रीच्या आत तू स्वतःच्याच विरुद्ध तक्रार लिहिलीस. लहान मुलांना पालकांच्या संमतीशिवाय आत घेतलं, एक बिल्ला परत आला नाही, जबाबदार मी. कार्ड साहेबांच्या टेबलावर ठेवलंस आणि आल्दियारला घेऊन भावाकडे निघून गेलास. कमाल आहे तुझी. त्या गेन्नादीला दोन शब्द सुनावायचे सोडून स्वतःलाच शिक्षा. आल्दियारची आई कोरियात कारखान्यात राबते आहे, तिला तू काय सांगितलंस देव जाणे.

तर आता पुढचं ऐक. गेल्या आठवड्यात अल्माटीहून बँकेच्या तपासणी बाई आल्या. तुझा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि साहेबांना विचारलं, "हा माणूस कुठे आहे? मी इतकी वर्षं तपासण्या करते, आपली चूक आपल्या हाताने लिहून देणारा मला दुसरा भेटला नाही. आणि तो तुम्ही घरी बसवलाय?" साहेब चाचरले. बाईंनी दोन गोष्टी मागितल्या. पुन्हा तशी वेळ आली तर मुलांना आत घ्यायला पालकांची संमती आधीच आपल्या दारावर हवी, आणि त्या हरवलेल्या बिल्ल्याचा निकाल लागायला हवा. ह्या दोन्ही गोष्टी येत्या नौरीझच्या सणाआधी झाल्या तर तुझी जागा तुझी. नाही झाल्या तर सणानंतर तुझ्या जागी गेन्नादी कायम.

संमतीचं काम कालामकासने हातात घेतलं. आया खाणीवरून, बाजारातून येऊन सह्या करून गेल्या. एकीने विचारलं, जानेवारीची तारीख टाकू का, म्हणजे त्याच्यावरचा ठपका जाईल. मी म्हटलं, बाई, तो परत येऊन फाडून टाकेल. आजचीच तारीख घाल. सगळ्यांच्या सह्या आल्या आहेत, एक सोडून. तुझ्या नातवाच्या कागदावर पालक म्हणून तुझं नाव आहे. कालामकासने महिनाअखेरपर्यंत बालवाडीत त्याची जागा धरून ठेवली आहे. गरम हवेच्या नळालाही साहेबांनी परवानगी दिली. त्यावर सुरक्षाप्रमुखाची सही लागते. गेन्नादी करायला तयार होता, मीच कागद काढून घेतला. पाच वर्षं मी तुझ्याशी भांडले, आता नको म्हणायचं असेल तर येऊन माझ्या तोंडावर म्हण.

दिवस मला खायला उठतो, झेनोल्ला. चहाला कुणी टोमणा मारत नाही. तुझी किटली मी माझ्या खोलीत आणून ठेवली आहे, तिला गेन्नादीने हात लावलेला मला खपला नसता. ह्या वयात ह्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही आणि तू विचारूही नकोस. पण तू परत यावंस असं मला वाटतं, आणि ते फक्त दारासाठी नाही.

राहिला बिल्ला. तो हरवलेला नाही. त्या संध्याकाळी आल्दियारच्या कोटाची बटणं मी लावत होते, तेव्हा त्याने तो सदऱ्याच्या आत सरकवला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ह्याच्यावर आजोबांनी माझं नाव लिहिलंय. आता मला रोज त्यांच्या ऑफिसात येता येईल. ते घरी नसतातच ना." मी त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि तुलाही सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने काढून घेऊ? तू नुसते बिल्ले मोजलेस, त्यांवरची नावं वाचली नाहीस, आणि तू बेपत्ता म्हणून लिहिलेला बिल्ला गेले दोन महिने तुझ्याच छपराखाली आहे. उशीत बघ, नाहीतर बुटात. पोराला ओरडू नकोस. बिल्ला ज्याच्या नावाचा त्यानेच, स्वतः दारावर येऊन, सुरक्षाप्रमुखाच्या हातात परत द्यायचा असतो, हा नियम तू लिहिलास, मी नाही. तेव्हा त्याला घेऊन ये. मी आतल्या बाजूला उभी असेन. दारात मी सलाम करणार नाही, तूही थांबू नकोस. आत या, मग बोलू.

तुझीच कुरदास,
राउशान