बारा आण्यांचं दुखणं

१२ जानेवारी, सोम.
नर्सिंग कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागून तिसरा महिना. निवृत्त होऊन घरी बसलो असतो तर सौ.नं मेथी निवडायला बसवलं असतं, त्यापेक्षा हे बरं. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष, प्रगत संख्याशास्त्र. वर्गात बहुतेक बायका, सगळ्या वॉर्डात वर्षानुवर्षं काढलेल्या. रक्ताला न डगमगणाऱ्या ह्या बायका सिग्मा दिसला की पदरानं घाम पुसतात.

आज विचारलं, पी व्हॅल्यू म्हणजे काय? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "पेशंटची व्हॅल्यू, सर." वर्ग फुटला. मीही हसलो. उत्तर देणारी संगीता, कळंबची, अडतिशीची. वर्ग संपल्यावर माफी मागायला आली. माफी कसली, म्हटलं, इतकं चांगलं चुकीचं उत्तर आजवर ऐकलं नव्हतं.

१९ जाने., सोम.
सं.नं (संगीता, रोज पूर्ण नाव कोण लिहीत बसणार) प्रबंधाचा विषय समजावून सांगितला. येरमाळ्यातल्या म्हाताऱ्या बायकांची गुडघेदुखी. निम्म्या बायकांना व्यायाम शिकवलाय, मांडीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघ्यानं दाबायची, पाय ताणायचे, असलं. निम्म्यांना अजून शिकवलेला नाही. अभ्यास संपला की त्यांनाही शिकवायचा. सुरुवातीला आणि सहा आठवड्यांनी विचारायचं, शून्य ते दहात किती दुखतंय. मग दोन्ही गटांची तुलना. सुरुवातीचं दुखणं सगळ्यांचं सारखं नसतं, म्हणून त्याची वजावट करून तुलना करायची रीत असते, ती मी शिकवतोय.

म्हणाली, "म्हंजे पळायची शर्यत, पण जी आधीच पुढं उभी हाय तिचं अंतर वळतं करायचं." अगदी तेच. पुस्तकात ह्यालाच दोन पानं लागलीत.

२ फेब्रु., सोम.
सं.ची आकडेमोड केली. फरक काहीच नाही. व्यायाम केलेल्या आणि न केलेल्या, दोघी तिथंच.

रडली. बाई वॉर्डात कधी रडली नसेल, माझ्या टेबलाशी रडली. "बायका माझ्या पुढ्यात कशाला धरल्याबिगर उठायल्यात सर, आन् हे कॉम्प्युटर न्हाय म्हणतंय?"

मे महिन्यात तिची अभ्यासरजा संपते. तोवर प्रबंध पास झाला तर इथंच शिकवायची जागा मिळायची आशा आहे. नाही तर परत वॉर्ड, परत रात्रपाळ्या. पोरगी दहावीला. नवऱ्यानं दोन वर्षं स्वयंपाक शिकून घेतला हिच्यापायी. "त्यांची आमटी आता कुठं खाण्यालायक झालीय," असं रडता रडता म्हणाली. मला हसावं का रडावं कळेना.

४ फेब्रु., बुध.
सकाळपासून तिचे आकडे बघत बसलो. शून्य ते दहा, सगळे पूर्ण अंक हवेत. मध्येच साडेसात. पुन्हा साडेसात. अडीच. अरे, हे आलं कुठून? सौ. म्हणाली, "बिचारीला साडेसाती लागलीय, आणि काय!"

फोन केला. पलीकडून अगदी सहज, "सर, ते बारा आणे."

बारा आणे! आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसाला दहातलं किती विचारून काय उपयोग? तो रुपयात सांगणार. सोळा आण्यांच्या रुपयात बारा आणे. सं.नं मनातल्या मनात हिशेब केला, रुपयाचे दहा धरले, बारा आण्याचे साडेसात. हिशेब चोख. पण मला दुसरीच शंका. विचारलं, "बारा आणे काय? दुखतंय, का गेलं?"

मग हळूच, "आगं बया..."

७ फेब्रु., शनि.
सं.बरोबर येरमाळ्याला जाऊन आलो. मथुराबाईंना भेटलो, सत्तरीच्या पुढच्या, जिभेला हाड नाही. सं.नं विचारलं, "आजी, दुखणं किती?" "बारा आणे." "म्हंजे बारा आणे दुखतंय?" "दुखतंय कशाला? बारा आणे गेलं की! तूच तर व्यायाम दिलास." मग माझ्याकडं वळून, "मास्तर, तुमचे दात किती आणे राह्यले?" चहा न पाजता सोडलं नाही.

घोळ असा. पहिल्या वेळी सगळ्या दुखण्याचे आणे सांगत होत्या. दुसऱ्या वेळी काहीजणी दुखण्याचे, काहीजणी आरामाचे. सं.नं सगळे दुखण्याचे म्हणून चढवले. जी जास्त बरी झाली तिचं दुखणं जास्त दिसलं. कुणी काय अर्थानं सांगितलं होतं, ते आता तिला आठवत नाही.

परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसली. मला तिची फार माया वाटली.

९ फेब्रु., सोम.
तिच्या मार्गदर्शक मॅडमकडं गेलो. मॅडम भल्या आहेत, सं.ची मनापासून काळजी करतात. म्हणाल्या, "सर, दुसऱ्या वेळच्या साडेसातचे अडीच करून टाका ना. पोरीचं वर्ष वाया जाईल."

म्हटलं, सगळ्यांचे कसे करू? ज्यांचं खरंच साडेसात दुखत होतं त्यांचं काय? आणि बारा आणे गेलं म्हणजे तिच्या आधीच्या दुखण्यातलं बारा आणे. आधी आठ असेल तर उरलं दोन, अडीच नव्हे. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही गणितवाले म्हणजे ना..." पुढचं गिळलं.

१० फेब्रु., मंगळ.
आज माझा तोल गेला. सं. म्हणाली, "सर, व्यायामवाल्यांचेच तेवढे बदलू. त्यांचं कमी झालं, म्या डोळ्यानं बघितलंय. बाकीच्यांचे राहू द्या."

"मग मी कशाला पाहिजे? तुझ्या डोळ्यांनीच पास हो की!" मोठ्यानं बोललो. आणि 'तू' म्हणालो, कधी म्हणत नाही. उठून गेली. चहा तसाच.

सौ.नं संध्याकाळी विचारलं, जेवण का जाईना? सांगितलं. म्हणाली, "पोरीला ओरडायला बरं येतं. ओरडून झाल्यावर काय करायचं ते सांगितलंत का?" नव्हतं सांगितलं.

१२ फेब्रु., गुरु.
फोन करावा की नाही. केला. उचलला नाही.

१३ फेब्रु., शुक्र.
स्वतःच आली. ढोकीजवळ उसाचे ट्रॅक्टर आडवे, गाडी अडकली, म्हणून वर्ग संपताना पोचली. हातात लाकडी पट्टी. तिच्यावर शून्याला तिनं हिरवा रंग दिलाय, दहाला लाल.

"सर, सगळ्यांस्नी पुन्यांदा विचारणार. तोंडानं सांगूच द्यायचं न्हाय, पट्टीवर बोट ठेवायचं. सहाऐवजी दहा-बारा आठवडे झाले म्हणून सरळ लिहायचं. चालंल का?"

चालेल की! न चालायला काय झालं? मला इतका आनंद झाला की खडू कुठं ठेवला तेच आठवेना. वर म्हणाली, "परवा तुम्ही 'तू' म्हणालाव. बरं वाटलं. रागात का होईना." आता तूच म्हणेन.

९ मार्च, सोम.
सं. येरमाळ्याच्या फेऱ्या मारतेय. आज तोंड एवढंसं करून आली. व्यायाम न शिकवलेल्या गटातली कासाबाई ओसरीवर टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन बसलेली सापडली. "ह्ये कुणी शिकवलं?" तर, "मथुरानं. ती उठायली, आमी बघत बसावं व्हय?" चौकशी केली तर त्या गटातल्या निम्म्याच्या वर बायका करायल्यात. पारावर एकत्र बसतात म्हणे.

तुलना करायला दुसरा गटच उरला नाही. सं. माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. आधी ती हसली. मग दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हसून झाल्यावर म्हणाली, "सर, माझं आता काय हो?"

६ एप्रिल, सोम.
येडेश्वरीची यात्रा उरकली. सं. सांगत होती, कासाबाई औंदा यात्रेच्या रिवाजाप्रमाणं चुनखडी वेचायला रानात गेली. वाकली, उठली, वर सगळ्यांना सांगत सुटली.

आज आकडेमोड पुरी केली. दोन्ही गटांचं दुखणं उतरलंय, चांगलं उतरलंय. दोन गटांत फरक नाही. सं. आनंदली, "म्हंजे व्यायामानं दोघींचं कमी झालं!"

मला ते सांगावं लागलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा थंडी होती, आता ऊन तापलंय. उन्हाळ्यात गुडघे तसेही सैल होतात. व्यायामानं झालं की उन्हानं, सांगायला न शिकवलेला गट लागतो, आणि तो मथुराबाईनं संपवला. "म्हणजे व्यायामानंच झालं असं तुला लिहिता येणार नाही, बाळा."

तिनं पट्टीवर बोट लालवरून हिरव्याकडं नेलं. म्हणाली, "ऊन तर दरसाल पडतंय सर. कासाबाई दरसाल का वाकली न्हाय?"

उत्तम प्रश्न. उत्तर माझ्याकडं नाही, तिच्या आकड्यांतही नाही. तेच लिही म्हटलं.

१८ एप्रिल, शनि.
प्रबंध छापून आला. आण्यांचा घोळ सगळा लिहिलाय, काही झाकलेलं नाही. मथुराबाईंचं नाव तेवढं गाळलंय. मॅडमनी सही केली, पण काळजीत आहेत. "बाहेरचे परीक्षक कडक आहेत हो सर. निष्कर्ष नाही असा प्रबंध त्यांना कितपत रुचेल..." मलाही भीती वाटते. पोरीला खरं बोलायला लावलं आणि त्यातच ती बुडाली तर मी काय तोंड दाखवू? सौ. म्हणते, देवीला नारळ बोला. बोललो. संख्याशास्त्राचा माणूस, पण बोललो.

२७ एप्रिल, सोम.
सं.ची तोंडी परीक्षा. मी कॉलेजच्या व्हरांड्यात बसून हे लिहितोय. आत जायची मला परवानगी नाही.

सकाळी आली ती पांढऱ्याशुभ्र साडीत, नवऱ्यानं इस्त्री केलेली. पाया पडू नको म्हटलं तरी पडलीच. म्हटलं, विचारतील, व्यायामानं गुण आला का, काय सांगशील? "म्हाईत न्हाय म्हणून सांगंन." शाब्बास. मग विचारतील, इतकं करून मिळवलंस काय?

शिपायानं नाव पुकारलं. पदर नीट करत म्हणाली, "नापास करू द्या सर. कशानं का व्हईना, बायका चालायल्यात."

दार लागलं. आतून परीक्षकांचा आवाज येतोय, शब्द कळत नाहीत. मध्ये तिचा आवाज आला, चांगला ठणठणीत. 'म्हाईत न्हाय' तेवढं स्पष्ट ऐकू आलं.